ऊन आपल्या स्लॅबवरचं, मग नियम दिल्लीचा काहून?

आमच्या बाजूच्या काकूंचं सोलरशी भांडण एप्रिलमध्येच सुरू झालं. कारण एकदम साधं. स्लॅबवर जिथं त्या दरवर्षी कुरडया अन् सरगुंडे वाळत घालायच्या तिथं आता सहा पॅनल उभे आहेत, तीन किलोवॅटचे, आणि पॅनलखाली मस्त गार सावली. आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीत एप्रिलमधे सावली मिळाली तर माणूस खुश होतो पण कुरडई नाही ना होत. तर त्या दिवशी पॅनलच्या स्टँडला जुनी साडी बांधता बांधता त्यांनी मला विचारलं, "काहून रे, सबसिडी दिल्लीहून आली, मीटर इथल्या वीज कंपनीचं, नियम म्हणे मुंबईच्या कोण्या आयोगाचा, अन् स्लॅब माझी. उद्या काही झालं तं बोलू कोणाशी?"

मी म्हटलं सांगतो, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की हे आपल्यालाही नीट माहीत नाहीये. म्हणून हा सगळा खटाटोप. पेपरात रोज "केंद्राचं धोरण", "राज्याचे अधिकार", "विकेंद्रित ऊर्जा" असे शब्द येऊन राहिले, त्याचा आपल्या बिलाशी काय संबंध ते जमेल तेवढं सोपं करून लिहितो.

आधी बेसिक, वीज कोणाच्या ताब्यात आहे?

राज्यघटनेत विषयांच्या याद्या आहेत. संरक्षण, रेल्वे वगैरे केंद्राकडे, पोलीस, शेती वगैरे राज्याकडे, आणि तिसरी एक समवर्ती सूची, म्हणजे दोघांचीही. वीज या तिसऱ्या यादीत आहे. दोघंही कायदा करू शकतात, भांडण झालं तर साधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ. एकत्र कुटुंबातल्या किचनसारखं आहे हे, गॅसची शेगडी एक, सुना दोन, आणि सासूबाई हॉलमधे बसून आवाज देतात.

२००३ चा वीज कायदा केंद्राचा. राष्ट्रीय धोरण केंद्र ठरवतं. पण तुमच्या घरचा युनिटचा दर ठरवतो राज्याचा वीज नियामक आयोग, नियामक म्हणजे क्रिकेटमधल्या अंपायरसारखा, तो ना सरकार ना कंपनी, निदान कागदावर तरी. आणि वीज घरापर्यंत आणून बिल पाठवते वितरण कंपनी, आपल्याकडे महावितरण, जी २००५ साली जुन्या वीज मंडळाचे तुकडे करून झाली. निर्मितीला महानिर्मिती, मोठ्या तारांना महापारेषण.

आता काकूंच्या स्लॅबवर या. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ची, केंद्राची, एक कोटी घरांचं टार्गेट, ७५,०२१ कोटींचा खर्च. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, झाले ७८ हजार, त्याच्यावर नाही, तुम्ही कितीही मोठं बसवा. हे पैसे दिल्लीच्या पोर्टलवरून थेट खात्यात. पॅनल भारतात बनलेलेच पाहिजेत हा नियमही दिल्लीचा. पण बनलेली जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे तारांच्या जाळ्याला, दिली तर ती कशी मोजायची, वर्षाअखेरी उरली तर काय भाव द्यायचा, हे मुंबईतला राज्याचा आयोग ठरवतो. म्हणजे काकू बरोबर बोलत होत्या, चार ठिकाणचे चार धागे एका स्लॅबवर येऊन गुंतले आहेत.

"विकेंद्रित" या एका शब्दात दोन गोष्टी घुसवल्या आहेत

इथं बहुतेकांचा घोळ होतो, माझाही होता.

एक आहे विकेंद्रित निर्मिती. म्हणजे नागपूरजवळच्या कोराडीसारखा कोळशावरचा एकच अवाढव्य प्लँट लावण्याऐवजी हजार स्लॅबवर, शंभर गावात थोडी थोडी वीज बनवणं. दुसरा आहे विकेंद्रित निर्णय. काय बनवायचं, कुठल्या जागेवर, पैसा कसा वाटायचा, हे जवळच्या माणसांनी ठरवणं. या दोन गोष्टी एकत्रच येतात असं मुळीच नाही. सूर्यघर योजनेत पॅनल एकदम विकेंद्रित, घराघरावर, पण सबसिडीचे नियम पूर्ण केंद्रीय. उलट गुजरातने २००९ मधे, केंद्राचं राष्ट्रीय सौर मिशन यायच्या आधीच, स्वतःचं सौर धोरण काढलं आणि पुढे चारंकाला भला मोठा सोलर पार्क केला, तिथं प्लँट अजस्र पण निर्णय राज्याचा.

म्हणून कोणी स्टेजवरून "आम्ही ऊर्जेचं विकेंद्रीकरण केलं" म्हटलं की आपण विचारायचं, भाऊ, पॅनलचं का निर्णयाचं?

दिल्लीने ठरवण्यात फायदा काय?

भरपूर आहे, आणि "सगळं लोकल पाहिजे" म्हणणारे हा भाग नेहमी गाळतात.

सूर्य संध्याकाळी साडेसहाला ड्युटी संपवून जातो. त्यानंतर काकूंच्या घरचा कूलर चालतो तो ग्रीडवर, म्हणजे देशभर जोडलेल्या तारांच्या जाळ्यावर. ह्या जाळ्यात ज्या क्षणी जितकी वीज ओढली जाते त्याच क्षणी तितकी बनावी लागते, जास्त नाही कमी नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला काय झालं ते आठवा, उत्तरेकडची राज्यं वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, बीना-ग्वाल्हेर लाईन ट्रिप झाली आणि बघता बघता उत्तरेचं जाळं बसलं, दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्यही सोबत गेलं, साठ कोटींच्या वर लोकसंख्येच्या भागात अंधार. प्रत्येकाने आपापल्या ताटापुरतं पाहिलं की पंगत अशी उठते. तारांना एकच वाढपी पाहिजे, याच्यात मला तरी शंका नाही.

दुसरं, दूरच्या तारा. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची, म्हणजे खूप जास्त दाबाची, लाईन जोडली आणि दक्षिणेचं जाळं बाकी देशाशी एक झालं. राजस्थानच्या वाळवंटातलं ऊन नागपूरच्या घरात यायचं असेल तर मधली राज्यं ओलांडणारी तार टाकायला कोणीतरी वरचाच लागतो.

तिसरं भाव. २०१० च्या पहिल्या लिलावांत सोलरचा भाव युनिटला १२ रुपयांच्या आसपास होता. २०१७ मधे राजस्थानात भडलाला २.४४ पर्यंत आला, २०२० मधे १.९९. जगभर पॅनल स्वस्त झाले हे खरंच, पण मोठे लिलाव अन् खात्रीचा गिऱ्हाईक यांनीही भाव पाडला. आता गंमत अशी की तो १.९९ वाला लिलाव केंद्राचा नव्हता, गुजरात राज्याचा होता. म्हणजे क्रेडिट एकट्या दिल्लीला देता येत नाही.

मग सगळंच दिल्लीने ठरवावं, कटकट मिटली?

नाही ना. २०१५ मधे केंद्राने टार्गेट ठेवलं, २०२२ पर्यंत १७५ गिगावॅट, एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट. त्यात सोलर १००, आणि त्यातले ४० छपरांवरचे. ते १७५ वेळेत झालंच नाही, आणि सगळ्यात मागे राहिली ती ही छपरंच. काहून? कारण मोकळ्या माळरानावर प्रकल्प करायला एक टेंडर पुरतं. छप्पर म्हटलं की सोसायटीची मीटिंग, तीन भावांच्या नावावरचं घर, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, बँकेचं लोन, आणि काकूंच्या कुरडया. ते दिल्लीतून दिसत नाही, त्यात दिल्लीची चूक म्हणावी असंही नाही, इतक्या लांबून कोणालाच दिसलं नसतं.

आणखी एक मजेदार किस्सा आहे, त्यासाठी नेट मीटरिंग समजून घ्यावं लागेल. दुपारी तुम्ही शेजारणीला वाटीभर साखर दिली, रात्री तिच्याकडून वाटीभर परत आणली, हिशोब शून्य. तसंच दुपारी ग्रीडला दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटमधून वजा. काकूंच्या मीटरवर आकडे फिरत असतात, एकदा घेतलेले, एकदा दिलेले, त्या दोन्ही आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवतात. आता मोजणीचे नियम राज्याचा आयोग करतो हे वर आलंच, तरी डिसेंबर २०२० मधे केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम काढले आणि त्यात लिहिलं की १० किलोवॅटपर्यंतच नेट मीटरिंग, त्याच्या वर दिलेली वीज स्वस्तात विका आणि लागणारी महागात घ्या. छोटे उद्योग, शाळा, दवाखाने, सगळे ओरडले. जून २०२१ मधे तोच नियम बदलून मर्यादा ५०० किलोवॅट केली. देशभरासाठीचा नियम सहा महिन्यांत दोनदा बदलला, दोन्ही वेळा एका सहीने. केंद्रीकरणाचा हाच स्वभाव आहे, बरोबर असलं तर सगळीकडे बरोबर, चुकलं तर सगळीकडेच चूक.

(न्याय म्हणून हेही सांगतो, फेब्रुवारी २०२४ मधे केंद्रानेच १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीची अट काढून टाकली, ते चांगलं झालं.)

आणि अजून एक, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. पूर्वी वितरण कंपनीने एकूण विजेपैकी किती टक्के सौर-पवन वगैरे घ्यायची हे राज्याचा आयोग ठरवायचा. आता १ एप्रिल २०२४ पासून केंद्राने देशासाठी एकच पायरी आखून दिली आहे, २०२४-२५ ला २९.९१ टक्के, वाढत वाढत २०२९-३० ला ४३.३३ टक्के. टार्गेट चांगलंच आहे. पण वीज विकत घेणार राज्याची कंपनी, रात्रीसाठी बॅकअप ठेवणार तीच, आणि तो खर्च बिलात येणार तुमच्या माझ्या. लग्नात पाहुण्यांची यादी मोठ्या काकांनी करायची आणि केटररचं बिल पोरीच्या बापाने भरायचं, असं आहे हे. काका प्रेमळ असले तरी बाप घामाघूम होतोच.

राज्यांवर सोपवलं तर?

गुजरातचं चांगलं उदाहरण वर आलंच. आता उलटं उदाहरण. २०१९ मधे आंध्रात सरकार बदललं आणि नव्या सरकारने जुने पवन-सौर खरेदी करार महाग आहेत म्हणून पुन्हा उघडायला घेतले. केंद्राने नको नको म्हटलं, कंपन्या कोर्टात गेल्या, मार्च २०२२ मधे हायकोर्टाने करार पाळा म्हणून सांगितलं. दरम्यान जवळजवळ तीन वर्षं गेली. पंचवीस वर्षांचा करार अन् पाच वर्षांचं सरकार, हा मेळ बसवणं राज्यांना जड जातं.

आणि हे आपलंच रडगाणं आहे असं समजू नका. जर्मनीत बव्हेरिया राज्याने २०१४ मधे नियम केला की पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर घरांपासून सोडायचं. दोनशे मीटर उंच चक्की असली तर दोन किलोमीटर. तिकडे गावं इतकी जवळजवळ की जागाच उरली नाही, नव्या चक्क्या उभ्या राहणं जवळपास बंद झालं. लोकल लोकांना विचारलं की ते नेहमी "हो"च म्हणतील असं कोणी सांगितलं.

"पण सगळ्यांनी सोलर लावलं तर वितरण कंपनी बुडेल की"

हा आक्षेप कंपनीच्या बाजूने येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये.

हॉस्टेलजवळची मेस घ्या. चाळीस पोट्टे जेवतात. त्यातले दहा सधन घरचे पूर्ण पैसे देतात, म्हणून मेसवाल्या मावशी बाकीच्यांना कमी पैशात जेवू घालतात. आता ते दहा जण दुपारी रूमवरच शिजवायला लागले आणि फक्त रात्री येऊ लागले. मावशींचा स्वयंपाकी, भाडं, भांडी, सगळं तितकंच, उत्पन्न मात्र कमी. शेवटी भाव वाढतो तो उरलेल्या तिसांचा. आपल्याकडे उद्योग आणि जास्त वीज वापरणारे लोक जास्त दर देतात, त्यातून शेतीची वीज स्वस्त राहते. हेच लोक सोलरकडे गेले की ओझं सरकतं.

शिवाय साखरेच्या वाटीचीही अडचण आहे. मे महिन्यात दुपारी सगळ्यांच्याच घरी साखर उतू जाते, रात्री सगळेच वाटी घेऊन दारात. दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट यांची किंमत खरोखरच सारखी नाही. म्हणून दिवसा स्वस्त, संध्याकाळी महाग, असे वेळेप्रमाणे दर यायला लागलेत.

माझं मत विचाराल तर छोट्या घरांना हे वेळेचे दर लागू करू नये, तीन किलोवॅटवाल्या काकूंमुळे कोणी बुडत नाही. पण मत माझं, आणि हे मत मांडायची जागा आहे ती राज्य आयोगाची जनसुनावणी. दरवाढीचा प्रस्ताव आला की कोणीही साधा माणूस लेखी हरकत देऊ शकतो, नागपुरातही सुनावण्या झालेल्या आहेत. सगळा निर्णय दिल्लीला गेला तर ही खुर्चीही तिकडेच जाईल, तिथं काकू काही जाणार नाहीत.

आणि महापालिका, ग्रामपंचायत?

केंद्र विरुद्ध राज्य या भांडणात तिसरा गडी कोणाला आठवतच नाही.

७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावं परिशिष्ट आलं, पंचायतींना देता येतील अशा २९ विषयांचं. त्यात "अपारंपरिक ऊर्जास्रोत" आहे, ग्रामीण विद्युतीकरण आणि वीज वितरणही आहे. कागदावर. द्यायचं की नाही हे राज्याच्या मर्जीवर, आणि तुमच्या गावच्या पंचायतीने विजेबद्दल शेवटचा निर्णय कधी घेतला ते आठवून पाहा, रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल सोडून. शहरांची तर अजूनच मजा, त्यांच्या बाराव्या परिशिष्टातल्या १८ विषयांत ऊर्जा हा विषयच नाही, आहेत ते फक्त पथदिवे. म्हणजे नागपूरला केंद्राच्या योजनेत मॉडेल सोलर सिटी म्हणून निवडलं गेलं होतं तेव्हाही महापालिकेच्या हातात विजेचा दर नव्हता, मीटर नव्हतं, तार नव्हती. फक्त बोर्ड होता.

नागपूरच्या माणसाला हे कोळशात कळतं. कोळसा खोदते ती केंद्राची कंपनी, तिचं मुख्यालय इथंच सिव्हिल लाईन्सला. वीज बनवते ती राज्याची कंपनी, कोराडी-खापरखेड्याला. वीज जाते राज्यभर. राख मात्र लोकल. कोणाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारा पुतळा, काढतो ना, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, तसं दिल्लीची मारबत मुंबई काढते अन् मुंबईची दिल्ली, आणि ती शेवटी जाळली जाते इथंच.

"पण गावाला काय समजते त्यातलं?"

हा प्रश्न शिकलेले लोक विचारतात, थोडं हळू आवाजात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची घोषणा विदर्भात सगळ्यांना माहीत आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." या गावाला २००९ मधे जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, पुढे बांबू त्यांनी स्वतः विकला, हिशोब ग्रामसभेत ठेवला. जंगल हा विजेपेक्षा सोपा विषय आहे असं मला वाटत नाही. ग्रीडचा क्षणाक्षणाचा तोल गावाने सांभाळावा असं कोणी म्हणत नाहीये. पण कोणती जमीन द्यायची, भाड्याचे पैसे कशाला लावायचे, हे गावाला समजत नसेल तर मग कोणाला समजतं?

माझा मामा काटोलकडे राहतो, संत्र्याची बाग आहे. शेतीला थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तो टॉर्च अन् काठी घेऊन दोन वाजता मोटर चालू करायला जातो, पाय आपटत आपटत, साप असला तर सरकावा म्हणून. त्याला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मनापासून पटली आहे, म्हणजे सबस्टेशनजवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा सोलर प्लँट आणि त्यातून शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या पंपांकडे जाणाऱ्या लाईनला, दिवसा वीज. जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख. दिवसा पाणी देता आलं तर मामीला झोप तरी लागेल.

फक्त एक गोष्ट अडली आहे. गावात ज्या जमिनीचं नाव चर्चेत आहे ती ई-क्लासची आहे, सरकारी, पण पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरं तिथंच चरतात. कोळशाचा प्लँट असला तर पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागते, सोलरला ती मंजुरीच लागत नाही, कारण सोलर स्वच्छ. आहेच स्वच्छ. पण गाईला चारा लागतो तो लागतोच. मामा फोनवर म्हणे, "प्लँट पाहिजेच आहे रे बाप्पा, पण पाच-सहा एकर वरच्या अंगाला सरकवला तं दोन्ही होते. हे कोणत्या पोर्टलवर लिहायचं सांग ना."

मी बराच वेळ शोधलं, तसा रकाना काही सापडला नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मामा हा विषय काढणार आहे, सोबत सातबारा अन् हाताने काढलेला नकाशा. मला म्हणे तू पण ये, आकडे तू वाच, मी पाऊस नसला तं स्टँडवर घ्यायला येतो.